अधूनमधून

आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की, ते माहिती देत असल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात ते माहितीची उणीव झाकीत असतात. 'अधूनमधून' हा त्यांपैकीच एक. गुडघा अधूनमधून दुखतो, घड्याळ अधूनमधून थांबते, अमका विद्यार्थी वर्गात अधूनमधून येतो, असे आपण म्हणतो. सांगणाऱ्याचे समाधान होते आणि ऐकणाराही मान डोलावतो. वस्तुतः 'केव्हा?' या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी तो प्रश्नच आपण या शब्दाखाली पुरून टाकलेला असतो.

पूर्णपणे बंद पडलेले यंत्र फारसा मनस्ताप देत नाही. ते उघडावे, मोडलेला भाग शोधावा, नवा बसवावा. तेही न साधल्यास भंगारवाल्याच्या हवाली करावे. परंतु जे आज चालते, उद्या चालत नाही आणि परवा काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते, त्याचे काय करावे? घरातील माणसे अशा यंत्रास 'बिघडले' असे म्हणत नाहीत. 'रुसले' असे म्हणतात. आणि रुसव्याचे कारण शोधण्यापेक्षा रुसवा काढण्याकडेच आपली प्रवृत्ती असल्यामुळे, कोणी त्यास थोपटतो, कोणी दरडावतो, कोणी त्याचे नाव टाकतो.

आमच्या घरचे हे रुसणारे यंत्र म्हणजे पाणी तापविण्याचा गॅस-गीझर. परळी वैजनाथ हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेला लागून वसलेले असल्यामुळे उन्हाळ्याविषयी त्याची ख्याती असली, तरी मार्गशीर्ष-पौषातील पहाट येथेही अंगावर काटा उभा करते. माझ्या लहानपणी हे काम तांब्याचा बंब करीत असे. मधोमध विस्तवाची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली राखेची जाळी आणि बाजूला पितळी तोटी, एवढाच त्याचा प्रपंच. तो धूर करी, डोळ्यांतून पाणी काढी, पण रुसत मात्र नसे. त्याच्याविषयी घरात एकच दंडक होता : आधी पाणी, मग विस्तव. रिकाम्या बंबात कोणी निखारे टाकले, तर सांध्यांची झाळ वितळून तो गळू लागे आणि तांबटाकडे खेप घालावी लागे. हा दंडक माझ्या मातुःश्रींनी मला इतक्या वेळा ऐकविला होता की, बंब माळ्यावर गेला तरी तो कानांतून गेला नाही.

गीझर हा शब्दही मोठा मौजेचा आहे. आइसलंड बेटावर 'गेसीर' नावाचा उष्णोदकाचा एक झरा आहे. त्याच्या नावावरून तशा सर्व झऱ्यांना इंग्रजीत हे नाव पडले. पुढे १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने गॅसच्या ज्योतीवर वाहते पाणी तत्काळ तापविणारे यंत्र काढले, आणि त्यास हेच नाव दिले. नाव देताना त्याच्या मनात वाफाळत्या पाण्याचा लोट असावा. परंतु त्या मूळ झऱ्याचे खरे वैशिष्ट्य असे की, तो सतत उडत नाही. कधी वर्षानुवर्षे निजून राहतो, तर कधी १८९६ किंवा २००० सालासारख्या भूकंपानंतर जागा होतो. त्याचा शेजारी 'स्ट्रोकूर' मात्र दर काही मिनिटांनी उसळतो. म्हणजे 'अधूनमधून' हा गुण आमच्या यंत्राने नावाबरोबरच वारशाने घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

यंत्राची अंतर्रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढील सर्व कथा तिच्यावर आहे. न्हाणीघरातील तोटी उघडली की पाणी यंत्रात शिरते. आत शिरताच त्यास एक बारीक जाळी लागते आणि तिच्यापुढे रबराचा एक पातळ पडदा. वाहत्या पाण्याच्या दाबाने तो पडदा फुगतो व एका सुईला पुढे ढकलतो. सुई एक लहानशी खटकी दाबते. खटकी दाबली गेली की दोन जाड्या सेलांच्या विजेने ठिणगी उडते, गॅसची झडप उघडते आणि ज्योत पेटते. ज्योत खरोखरच पेटली की नाही, हे पाहण्यासाठी तिच्यात एक धातूची काडी खोचलेली असते. तिला ज्योत जाणवली नाही, तर काही क्षणांत गॅस आपोआप बंद होतो. थोडक्यात, ज्योत पेटण्यापूर्वी हे यंत्र विचारते, 'पाणी आहे ना?' आणि पेटल्यावर विचारते, 'ज्योत आहे ना?' दोहोंपैकी एका प्रश्नास नकार आला की ते काम थांबविते.

मागच्या हिवाळ्यात या यंत्राने नकार देण्यास आरंभ केला. तोटी उघडावी, पाणी यावे, पण आतून 'टक्‌टक्‌' असा ठिणगीचा आवाजच येऊ नये. दोन दिवस असे व्हावे आणि तिसऱ्या दिवशी सर्व सुरळीत. घरात लवकरच निरनिराळी मते उदयास आली. आमच्या सौभाग्यवतींचे मत सेल उतरल्याचे. त्यांनी सेल बदलले आणि दुसऱ्या दिवशी यंत्र पेटले, त्यामुळे ते मत तीन दिवस सिद्धान्त म्हणून टिकले. पुण्यास असलेल्या चिरंजीवांनी तेथूनच निदान केले की, आतील इलेक्ट्रॉनिक पाटी बदलावी लागेल. शेजारच्या काकांचे म्हणणे, थंडीने सिलिंडरमधील गॅस गोठतो. मातुःश्रींचे वय ब्याऐंशी. देवळाच्या पायऱ्या त्यांच्याने आता चढवत नाहीत, पण वैजनाथाचा वार म्हणून सोमवारची पहाटेची आंघोळ चुकत नाही. लागोपाठ दोन सोमवार यंत्र पेटले नाही, तेव्हा त्यांनी हा देवाचाच काही संकेत मानला आणि दुसऱ्या सोमवारी कोणाला न उठविता गार पाण्याने आंघोळ उरकली. पुढे आठ दिवस त्यांची छाती भरलेली होती. तोपर्यंत जी गोष्ट घरात थट्टेची होती, ती त्या दिवसापासून थट्टेची राहिली नाही.

मिस्त्रीला बोलाविणे झालेच होते. हा तरुण कामात हुशार आणि बोलण्यात सरळ. परंतु तो येई त्या दिवशी यंत्र असे काही पेटे की, आपण खोटी तक्रार केली असे वाटावे.

"सर, हे तर चांगलं चालतंय की. काय झालंय याला?"

"आता चालते आहे, काल चालत नव्हते."

"कालचं आज कसं दिसल, सर?"

तर्कशास्त्राच्या प्राध्यापकास निरुत्तर करणारा हा प्रश्न होता. तो बापडा जाळी काढी, झटकून धुई, परत बसवी आणि जाई. पुढे तीन-चार दिवस यंत्र चाले. त्यामुळे दोष जाळीचा, असे त्यालाही वाटे आणि आम्हांसही. मग पुन्हा नागा. तिसऱ्या खेपेस तो स्वतःच कंटाळला.

"एक करू का सर? ही पाण्याची खटकी हाय ना, ती तारेनं बांधून टाकतो. मग कसंबी पेटतंय. नंतर बटन तेवढं हातानं बंद करायचं. लई जणांना करून दिलंय."

"ती खटकी मुळात ठेवली आहे कशासाठी?"

"पाणी नसलं तर पेटू नये म्हणून."

हे उत्तर त्याने सहज दिले आणि तो पक्कड शोधू लागला. मी त्यास थांबविले. माझ्या कानांत बंबाचा दंडक होता, आणि डोळ्यांपुढे ते बटण बंद करण्यास विसरणारी ब्याऐंशी वर्षांची व्यक्ती होती. खटकी बांधल्यावर तोटी बंद असतानाही ज्योत जळत राहिली असती आणि आतील तांब्याच्या नळ्यांत उभे असलेले पाणी उकळून संपले असते. पण त्याहूनही मला त्या उत्तराने खिळवून ठेवले. पाणी नसेल तर पेटू नये म्हणून खटकी आहे; आणि यंत्र पेटत नाही. मग यंत्र खोटे बोलत आहे असे आपण सगळे मिळून का धरून चाललो आहोत?

तीसएक वर्षे मी वर्गात अन्वय आणि व्यतिरेक शिकवीत आलो आहे. जेथे कारण तेथे कार्य, हा अन्वय. कारण नाही तेथे कार्य नाही, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली आपल्या ग्रंथात याच रीती इंग्रजीत पद्धतशीर मांडल्या. एकामागून एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे मानणे, याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात : कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ. सेल बदलणे, जाळी धुणे, सोमवार येणे, हे सारे कावळेच होते. फळ कशाने पडते ते पाहावयाचे, तर कावळे मोजून भागणार नव्हते; प्रत्येक दिवसाची नोंद हवी होती, यंत्र पेटले त्या दिवसांचीसुद्धा. आपण नागा तेवढ्या लक्षात ठेवतो. चाललेले दिवस विसरतो. आणि कारण बहुधा या दोहोंच्या फरकात असते.

एक जुनी वही घेतली. तारीख, वेळ, पेटले की नाही, थंडी, सेल, सिलिंडर अशी घरे आखली आणि मिस्त्रीच्या उत्तरावरून आणखी एक घर वाढविले : नळाला पाणी येऊन गेल्याचा दिवस कितवा. आमच्या गल्लीत त्या दिवसांत पाचव्या दिवशी पाणी येत असे. ते आले की गच्चीवरील टाकी काठोकाठ भरावयाची आणि पुढील पाळीपर्यंत पुरवावयाची, हा परळीत काय किंवा मराठवाड्यातील बहुतेक गावांत काय, संसाराचा नित्यक्रमच आहे. एकतीस दिवसांत नऊ नागा झाल्या. वारांचा मेळ बसला नाही, थंडीचा बसला नाही, सेलांचा बसला नाही. परंतु नऊपैकी आठ नागा पाणी येऊन गेल्यावरच्या चौथ्या किंवा पाचव्या दिवशी होत्या. नववी मात्र दुसऱ्याच दिवशी झालेली; तिने मला दोन रात्री छळले. शेवटी चौकशीत निघाले की, त्या पहाटे अंगणातील तोटी उघडी ठेवून कोणी सडा घालीत होते. म्हणजे पाण्याची वाट दुसरीकडे फुटलेली होती, आणि अपवादाने नियमालाच दुजोरा दिला.

मिस्त्री आला की यंत्र का चाले, हेही त्याच वहीत उलगडले. तक्रार व्हावयाची चौथ्या-पाचव्या दिवशी. तो सवड काढून यावयाचा एक-दोन दिवसांनी, म्हणजे नेमका टाकी भरल्यावर. त्याने आमचे यंत्र भरल्या टाकीखेरीज कधी पाहिलेच नव्हते. त्याच्या प्रामाणिकपणात किंवा कसबात काही उणे नव्हते; पंचांग तेवढे आमच्या विरुद्ध होते.

आता हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम भार टाकतो. आमच्या यंत्रापासून टाकीच्या तळाची उंची आठ फूट आणि टाकीची स्वतःची चार. टाकी भरलेली असता पडद्यावर बारा फूट पाण्याचा भार. तळाला वीतभर पाणी उरले की साडेआठ फुटांचा. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा भार कमी. यंत्रास खटकी दाबण्यास लागणारा भार या दोहोंच्या मध्ये कोठेतरी होता. न्हाणीघरातील तोटीतून पाणी दोन्ही वेळां येतच होते, म्हणून 'पाणी तर आहे' असे आम्ही म्हणत होतो. पाणी होते, पण त्याला जोर नव्हता.

येथे पुन्हा त्या आइसलंडच्या झऱ्याकडे वळले पाहिजे. १८४६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन तेथे गेला आणि त्याने गेसीरच्या नळीत खोलवर उष्णतामापके सोडून पाहिली. त्याच्या ध्यानात आले की, तळाचे पाणी शंभर अंशांहून अधिक तापलेले असूनही उकळत नाही, कारण वरच्या पाण्याचे वजन त्यास दाबून धरते. वरचे थोडे पाणी सांडले की वजन घटते आणि तळचे पाणी एकदम उसळी घेते. झऱ्याच्या लहरीचे रहस्य पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत होते. ज्या ज्योतीला आपण प्रयोगशाळेत बुन्सेनची म्हणतो, तिचीच भावंडे आमच्या गीझरमध्ये जळतात, आणि त्यांचा लहरीपणाही पाण्याच्या उंचीवरच ठरावा, हा योगायोग मला फार आवडला.

परंतु वहीने दाखविलेला मेळ म्हणजे अजून पुरावा नव्हे. बिघाड आपल्या मनास येईल तेव्हा घडविता आला आणि मनास येईल तेव्हा थांबविता आला, म्हणजे त्याचे कारण हाती लागले असे समजावे. पाचव्या दिवशी, यंत्र मुकाट असताना, विंधनविहिरीचे पाणी टाकीत चढविले, यंत्र पेटले. मग पाणी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी टाकीचे पाणी मुद्दाम पिंपांत उतरवून घेतले, यंत्र मुकाट. मिस्त्रीला हा प्रयोग मुद्दाम बोलावून दाखविला. तो बराच वेळ टाकीकडे आणि यंत्राकडे आळीपाळीने पाहत राहिला व म्हणाला, "म्हंजे मशीन खरंच बोलत होतं." उपायही त्यानेच सुचविला. टाकीखालचे विटांचे खांब तीन फुटांनी वाढविले. रिकामी होत आलेली टाकीही आता जवळजवळ पूर्वीच्या भरल्या टाकीइतका जोर देते. यंत्राच्या एकाही अवयवास हात लावावा लागला नाही.

एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण तीत जिवाचा प्रश्न आहे. मॉनच्या पहिल्या यंत्रास धूर बाहेर नेणारी नळी नव्हती, आणि आजही कित्येक घरांत गॅस-गीझर बंदिस्त न्हाणीघरात टांगलेला असतो. ज्योतीला पुरेशी हवा न मिळाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि दार आतून लावलेले असते. अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. आमचे यंत्र प्रथमपासून मागच्या उघड्या पडवीत आहे. ज्यांचे आत असेल त्यांनी ते बाहेर काढावे. ज्या यंत्राशी विस्तवाचा संबंध आहे, त्याच्या नकारामागे बहुधा कोणा शहाण्याने पूर्वी भोगलेला अनुभव असतो. १८०३ साली लंडनजवळ ग्रीनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या वाफेच्या यंत्राचा बॉयलर फुटून चार माणसे दगावली. बॉयलर राखणारा मुलगा त्या वेळी ईल मासे धरण्यास गेलेला होता. तेव्हापासून ट्रेव्हिथिकने बॉयलरला दोन सुरक्षा-झडपा आणि शिशाची एक गुडदी बसविण्यास आरंभ केला. पाणी खाली गेले की गुडदी वितळावी आणि राखणदार जागेवर नसला तरी धोका कळावा. आमच्या बंबाची वितळणारी झाळ ही त्या गुडदीची गावठी बहीणच म्हणावयाची. फरक इतकाच की, ती कोणी योजून ठेवलेली नव्हती.

परळीच्या माणसाला बॉयलर हा शब्द शिकवावा लागत नाही. येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला, ३० मेगावॉटचा संच १९७१ साली सुरू झाला आणि तेव्हापासून गावाच्या आकाशात धुराडी आहेत. त्या बॉयलरमध्येही, आमच्या गीझरप्रमाणेच, पाण्याची पातळी मर्यादेखाली गेली की इंधन आपोआप तोडण्याची योजना असते. २०१३ साली तेथे २१० मेगावॉटचे तीन आणि २५० मेगावॉटचे दोन, असे एकूण ११३० मेगावॉटचे संच होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, दुष्काळाने गोदावरीवरील खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही, तेव्हा एकामागून एक करीत ते सारे थांबवावे लागले; २०१५ साली पुन्हा तीच वेळ आली. बॉयलरमधील पाणी वाफ होऊन पुन्हा पाणी होते व परत फिरते. खरा मोठा खर्च होतो तो थंड करण्याच्या मनोऱ्यांत उडून जाणाऱ्या पाण्याचा आणि राख वाहून नेण्याचा. गावात त्या दिवसांत लोक म्हणत, 'केंद्र बंद पडले.' जणू आत काही मोडले होते! मोडले काहीच नव्हते. आमच्या पडवीतील पेटीने जे चौथ्या-पाचव्या दिवशी सांगितले, तेच त्या अवाढव्य यंत्राने दुष्काळाच्या वर्षी सांगितले : पाणी नाही. पेटीच्या बाबतीत तीन फूट विटांनी भागले. केंद्राचा प्रश्न विटांनी सुटणारा नव्हता. पण दोन्हीकडे बिघाड यंत्राच्या आत शोधणे सारखेच व्यर्थ होते.

ही वही संपल्यावर माझ्या हाताला एक चाळा लागला. महाविद्यालयाचा हजेरीपट मी आता आडवा न वाचता उभा वाचतो. ज्या मुलांच्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा असतो, त्यांच्या गैरहजेरीचे दिवस सलग लावून पाहावे, म्हणजे कित्येकांच्या बाबतीत त्यांना एक आकार येतो : दिवाळीच्या सुमारास आरंभ आणि फाल्गुन-चैत्रात अखेर. बीड जिल्ह्यात या आकाराचा अर्थ कोणासही सांगावा लागत नाही. तो उसाच्या गळिताचा हंगाम आहे. उचल घेतलेले आईबाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीस जातात, आणि थोरला मुलगा कोयता धरण्यास बरोबर जातो किंवा धाकट्यांना सांभाळीत घरी राहतो. हा मुलगा अनियमित नाही. कारखान्याच्या भोंग्याइतका नियमित आहे. त्याला दरडावणे म्हणजे गीझरला थोपटणे होय, आणि दंड करून वर्गात आणणे म्हणजे खटकी तारेने बांधणे. मी अशा चार मुलांसाठी चैत्रानंतर संध्याकाळचा एक वर्ग घेतो. टाकी उचलण्याचे सामर्थ्य माझ्यापाशी नाही. हाती दोन-चार विटा आहेत, तेवढ्या लावतो.

हजेरीपटात 'का' या प्रश्नासाठी घर आखलेले नसते. परंतु 'केव्हा' ते त्याच कागदावर रोज लिहिले जात असते. ते सलग वाचण्याचा कंटाळा केला नाही, म्हणजे पुष्कळदा 'का' हेही तेथेच सापडते.